सीलबंद खोक्यातलं कार्ड

१

सोमवारी सकाळी सव्वादहा वाजता हवालदारांचा पाय पडद्यावर अडकला.

आमच्या कार्यशाळेत कृत्रिम पाय बनतात. गुडघ्याखाली उरलेल्या पायाभोवती स्कॅनर फिरवून त्याचा आकार कॉम्प्युटरवर घ्यायचा, मग पडद्यावर तो गोल गोल फिरवत, कुठे दाबतंय, कुठे सैल पडतंय ते बघत, पाय ज्यात बसतो ती वाटी कोरायची. हे काम छोटी करायची. छोटी म्हणजे आमची डिझाइनर, वय चोवीस. तिचे वडील आमच्याच दारावर रखवालदार. ते तिला छोटी म्हणत, म्हणून आम्हीही म्हणायला लागलो.

"ताई, बघा ना," तिने मला हाक मारली. ती माउस हलवत होती आणि पडद्यावरचा हवालदारांचा पाय कसाबसा दोन बोटं सरकून थांबत होता. "शनिवारी किती छान फिरत होता! आज जीव गेल्यासारखा करतोय."

मी तिच्या मागे उभी राहिले. शनिवारी सगळे गेल्यावर मी ते टेबल एकटीनेच फिरवून ठेवलं होतं, कारण दुपारनंतर खिडकीतलं ऊन थेट पडद्यावर यायचं. आता तिची पाठ दाराकडे होती, आणि पडदा प्रतीक्षेच्या खोलीतूनही दिसत होता.

"बंद करून चालू केलास?"

"तीनदा."

मला कॉम्प्युटरमधलं फारसं कळत नाही. पण हे यंत्र घेताना विकणाऱ्याने एक गोष्ट मला घोकून घ्यायला लावली होती. आकार फिरवण्याचं सगळं काम आतलं ग्राफिक्स कार्ड करतं, यंत्राची अर्धी किंमत त्या कार्डाचीच आहे, आणि आत कोणतं कार्ड आहे ते असं बघायचं. पडद्यावर मोकळ्या जागी उजवं बटण दाबायचं, डिस्प्ले सेटिंग्ज उघडायच्या, तिथून ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जायचं. कार्डाचं नाव तिथे लिहिलेलं असतं. नावाच्या शेवटी चार आकडे होते, ते मला माझ्या फोन नंबरइतके पाठ होते.

मी बघितलं. तिथे ते नाव नव्हतं आणि ते आकडेही नव्हते. कुठल्यातरी साध्यासुध्या, घरगुती कॉम्प्युटरमध्ये असतं तसलं दुसरंच नाव होतं.

"कार्ड बदललंय कोणीतरी," मी म्हणाले. 

"थांबा ताई, मी एकदा मागच्या बाजूने बघू का?" छोटी खुर्चीवरून उठली.

"हात लावू नकोस!" मी ओरडले.

ते तीन शब्द मी अजून विसरलेले नाही.

२

शुक्रवारी सर्व्हिसवाला येऊन यंत्राची साफसफाई करून गेला होता. पण शनिवारी दुपारपर्यंत काम झकास चाललं होतं, मी डोळ्यांनी बघितलं होतं. म्हणजे जे झालं ते शनिवार दुपार ते सोमवार सकाळ यांच्यामधलं. कार्यशाळेची किल्ली दोघांकडेच असायची. एक माझ्याकडे, एक रखवालदार काकांकडे.

मग मी माणसं मोजायला लागले. उस्ताद प्लास्टरचे साचे हाताने करणारे, बावीस वर्षं इथे. कॉम्प्युटर आल्यापासून त्यांचं निम्मं काम गेलं, आणि त्या यंत्राला ते "माझी सवत" म्हणायचे. पण राग असणारा माणूस मोडतोड करेल, कार्ड बदलून नेईल कशाला? काका सोळा वर्षं दारावर, कधी कोणाची टाचणी हलली नाही. राहिली छोटी. तिच्या घरी एक जुना कॉम्प्युटर होता. मागच्याच आठवड्यात तिने मला विचारलं होतं, "ताई, हे कार्ड घरच्या मशीनमध्ये बसेल का हो?"

हे आठवलं आणि माझं डोकं फिरलं.

प्रतीक्षेच्या खोलीत सात माणसं बसली होती. कुबड्या भिंतीला टेकवून हवालदार पुढच्याच बाकावर होते. दार सताड उघडं होतं. मी ते लावून घेऊ शकत होते, पण लावलं नाही.

"तुझी बॅग आण," मी छोटीला म्हणाले.

तिने आणली. मी स्वतःच्या हाताने ती टेबलावर उलटी केली. डबा, ओढणी, कंगवा, औषधाची पट्टी, एका मैत्रिणीचा फोटो. आणि चार घड्या घातलेला कागद. त्यावर तिच्या अक्षरात त्या कार्डाचं पूर्ण नाव, शेवटच्या चार आकड्यांसकट.

"हे काय?"

"नाव लिहून घेतलं होतं. घरच्या मशीनला चालेल का, ते विचारायला."

"आणि मग विचारण्याऐवजी नेऊनच बघितलंस?"

तिने एकेक वस्तू परत बॅगेत भरली, औषधाची पट्टी सगळ्यात शेवटी. बाहेरचे सातजण जमिनीकडे बघत होते. दारात काका उभे होते, आणि ते माझ्याकडे नाही, मुलीकडे बघत होते.

छोटी त्यांच्या शेजारून निघून गेली. त्यांनी तिला अडवलं नाही.

अर्ध्या तासाने काका माझ्या खोलीत आले. टोपी हातात.

"ताई, पोरीला काही बोलू नका," ते म्हणाले. "कार्ड मी घेतलं."

३

मी पोलिसांना फोन लावणार तेवढ्यात दारावर कुबडीची टकटक झाली.

"डॉक्टरबाई, दोन मिनिटं." हवालदार मला डॉक्टरबाईच म्हणत. मी डॉक्टर नाही असं मी चारदा सांगितलं होतं. ते म्हणायचे, पाय देते ती डॉक्टर. साठीचा धिप्पाड माणूस, निवृत्तीनंतर अपघातात पाय गेलेला. "फोन करायच्या आधी मला यांच्याशी बोलू द्या. चौतीस वर्षं मी हेच केलंय. आणि माझाही पाय अडकलाय ना त्यात."

ते खुर्चीत बसले, काकांनाही समोर बसवलं. आवाज अगदी मऊ.

"कधी घेतलंत?"

"काल. रविवारी."

"कसं काढलंत?"

"उघडलं आणि काढलं."

"कशाने उघडलंत?"

काका अडखळले. "हातानेच."

"बरं. नेलंत कसं?"

"खिशात घातलं."

"कुठल्या?"

काकांनी शर्टाच्या वरच्या खिशावर हात ठेवला. त्या खिशात त्यांचं ओळखपत्र असायचं.

हवालदारांनी माझ्याकडे बघितलं. "डॉक्टरबाई, मी अडाणी माणूस. हे कार्ड केवढं असतं हो?"

मी कपाटातून कार्डाचं रिकामं खोकं काढलं. आत काळा फोम होता आणि त्यात कार्ड ठेवण्याचा खड्डा. हवालदारांनी आपला हात त्या खड्ड्यावर धरला. मनगटापासून कोपरापर्यंत भरला. खोक्यावरच्या चित्रात त्या कार्डाला दोन पंखे होते.

काका त्या चित्राकडे बघतच राहिले. त्यांनी ती वस्तू जन्मात पाहिलेली नव्हती. कार्ड म्हटल्यावर त्यांना आपल्या ओळखपत्राएवढंच काहीतरी वाटलं होतं.

"खोटं बोलताय," हवालदार हळूच म्हणाले. "कोणासाठी, ते विचारायची गरज नाही. पण काय पाहिलंत ते सांगा."

काकांचा चेहरा पडला. "काल पोरीने मला कार्यशाळा उघडून मागितली. आत गेली, दहा मिनिटांत बाहेर आली. हातात चादरीत गुंडाळलेलं काहीतरी. मी विचारलं तर म्हणाली, बाबा, नंतर सांगते."

हवालदारांनी डोळे मिटले. मला वाटलं, झालं. चोर सापडला.

४

"काय होतं चादरीत?" मी विचारलं.

"माझा साचा," दारातून आवाज आला. उस्ताद. अंगभर प्लास्टरची पांढरी भुकटी. "म्हणजे हवालदारांच्या पायाचा. पहिल्यांदा केलेला, तुम्ही फेकायला सांगितलेला. मीच तिला ने म्हणालो."

"कशाला?"

"शिकायला. गेले चार महिने मी तिला हातकाम शिकवतोय. पडद्यावर बोट फिरवून पाय कळत नाही, बाई. कुठे हाड टोचतं ते हाताला कळावं लागतं. तिला ते पटलं होतं. पण पेशंटची वस्तू बाहेर न्यायची नाही असा तुमचा नियम, म्हणून आम्ही बोललो नाही."

"तुम्ही सकाळी का नाही सांगितलंत?"

"सकाळी मी मागच्या भट्टीपाशी होतो. बॅग उलटी केलीत ते आत्ता कळलं मला."

छोटीच्या हातात होता तो प्लास्टरचा तुकडा. पण कार्ड तरीही गेलेलंच होतं.

"चला, जागा बघू," हवालदार उठले.

कॉम्प्युटरच्या टेबलापाशी येऊन त्यांनी कुबडीच्या टोकाने कॉम्प्युटरचं खालचं खोकं दाखवलं. "याचं झाकण कुठून उघडतं?"

"बाजूने. ती बाजू आता भिंतीकडे आहे."

उस्तादांनी खोकं थोडं ओढलं. झाकणाच्या सांध्यावर एक कागदी पट्टी चिकटवलेली होती. मी ती आजवर पाहिलीच नव्हती.

"वाचा बरं," हवालदार म्हणाले.

मी गुडघ्यांवर बसले. सर्व्हिसवाल्याचं नाव, त्याची सही, आणि खाली बारीक अक्षरात: पट्टी फाटल्यास हमी संपली. तारीख शुक्रवारची होती.

पट्टी एका कोपऱ्यातही सुटलेली नव्हती.

"शुक्रवारी हे बंद झालं," हवालदार एकेक शब्द तोलत म्हणाले. "शनिवारी दुपारी माझा पाय या पडद्यावर भिंगरीसारखा फिरताना मी इथे बसून पाहिला. म्हणजे तेव्हा कार्ड आत होतं. त्यानंतर हे खोकं कोणीही उघडलेलं नाही. मग कार्ड बाहेर आलं कुठून?"

५

काका भिंतीला टेकून उभे होते.

"डॉक्टरबाई, कार्ड गेलं हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कॉम्प्युटरने. नाव दिसत नाही."

"तुम्ही एकाच ठिकाणी बघितलंत. नाव बघायची दुसरी जागा नाही का?"

मला माहीत नव्हती. विकणाऱ्याने एकच शिकवली होती. मी त्याला फोन लावला आणि एवढंच विचारलं, आतल्या सगळ्या भागांची यादी कुठे मिळते? तो म्हणाला, स्टार्टच्या बटणावर उजवी टिचकी मारा, डिव्हाइस मॅनेजर उघडा, त्यात डिस्प्ले अडॅप्टर्सची ओळ उलगडा.

मी उलगडली. तिथे दोन नावं होती.

वरचं ते घरगुती नाव. आणि त्याच्या खाली, शेवटच्या चार आकड्यांसकट, माझं कार्ड.

"हे बघा," हवालदार पडद्यावर वाकून म्हणाले. "पळून गेलेला माणूस हजेरी लावतोय. तो घरातच आहे. फक्त त्याला काम कोणी सांगत नाहीये."

फोन अजून चालू होता. मी विकणाऱ्याला विचारलं, दोन नावं कशी?

"एक प्रोसेसरच्या पोटातलंच असतं, साधं," तो म्हणाला. "दुसरं तुमचं मोठं कार्ड. पडद्याची केबल ज्याच्या भोकात लावाल, चित्र तो काढणार. मागे बघा, केबल वरच्या भोकात आहे का खालच्या आडव्या पट्टीतल्या?"

उस्ताद मागे वाकले. "वरच्या."

"मग झालं. खाली लावा. मशीन हलवलं होतं का कोणी?"

"शनिवारपासून या खोक्याला हात कोणाचा लागला?" हवालदारांनी सगळ्यांना विचारलं.

"कोणाचाच नाही," मी म्हणाले.

आणि म्हणता म्हणताच उस्तादांची नजर टेबलावर गेली, मग खिडकीवर, मग माझ्यावर.

मला ती शनिवारची दुपार दिसली. मी एकटी, पदर खोचलेला. सगळ्या वायरी उपसून काढल्या, टेबल ओढत नेलं, आणि परत लावताना जी जिथे बसेल तिथे खुपसली. पडदा लागला तेव्हा मी स्वतःवर खूष झाले होते.

मी टेबलाखाली शिरले, केबल काढली, खालच्या भोकात लावली. पडदा क्षणभर काळा झाला आणि उजळला. हवालदारांचा पाय फिरायला लागला, सुळसुळीत, कुठेही न अडकता.

मी टेबलाखालून लवकर बाहेर आले नाही. वर तीन चेहरे होते आणि मला एकाकडेही बघायचं नव्हतं. छोटीने सकाळी विचारलं होतं, मागच्या बाजूने बघू का? अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

६

"बाई," उस्ताद शेवटी म्हणाले, "सर्व्हिसवाल्याने केबल चुकीची लावली असं सांगू बाहेर. तो काही इथे नाहीये. त्याचं काही बिघडणार नाही."

खरं सांगते. मी लगेच नकार दिला नाही. मला ते आवडलं होतं. बाहेरचे लोक, छोटी, सगळ्यांना पटलं असतं. शनिवारी यंत्र नीट चाललं होतं हे कोणाच्या लक्षात राहिलं असतं?

हवालदारांनी माझं मन वाचलं असावं.

"माझ्या नोकरीत एका माणसाने शिवणयंत्र चोरल्याचं कबूल केलं होतं," ते म्हणाले. "धाकट्या भावासाठी. मला तेव्हाही कळत होतं की हा खोटं बोलतोय. पण कबुली मिळाली होती, कागद पुरा होत होता. अकरा महिने आत राहिला. मग खरा चोर दुसऱ्या गावात पकडला गेला. भावानेही केलेलं नव्हतं. मी त्या माणसाच्या घरी एकदाही गेलो नाही. तेव्हा दोन्ही पाय होते मला." त्यांनी कुबड्या बगलेत घेतल्या. "तुम्ही जा."

काका अजून तिथेच होते. मला वाटलं होतं, त्यांना हायसं वाटेल. पण ते टोपी हातातल्या हातात चुरगळत होते.

"म्हणजे पोरीने काही केलंच नव्हतं," ते म्हणाले.

"नाही, काका. चूक माझी होती."

"तुमची चूक केबलची, ताई. मी मात्र तिची चोरी खरी धरून चाललो. ती विचारेल, बाबा, तुम्ही कबूल का केलंत? मी काय सांगू? मला वाटलं तू चोर आहेस, म्हणून?"

मी त्यांना पाणी आणून दिलं.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. जिना चढताना वाटत होतं, ती घरी नसली तर बरं होईल. दार तिनेच उघडलं. मी सगळं सांगितलं, टेबल, केबल, दोन नावं, आणि सर्व्हिसवाल्यावर ढकलायचा मोहसुद्धा. ती उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती.

"बॅग तुम्ही सात माणसांसमोर उलटी केलीत, ताई," ती म्हणाली. "आणि माफी जिन्यात मागताय."

पुढच्या सोमवारी तीच सातही माणसं पुन्हा यायची होती. मी प्रतीक्षेच्या खोलीत मधोमध उभी राहिले आणि बोलले. मी काय केलं, कोणावर आळ घेतला, तिने मदत करू का विचारल्यावर काय ओरडले, सगळं. छोटी दाराशी उभी होती. माझं संपल्यावर ती आत येऊन खुर्चीत बसली आणि हवालदारांची वाटी पडद्यावर उघडून कामाला लागली.

दुपारी ती मला म्हणाली, "तुमचं मी समजू शकते. तुम्ही परक्या आहात."

तिने दाराकडे बघितलं नाही, पण काका तिथेच होते आणि त्यांनी ऐकलं. त्यांची कबुली तिला कोणीतरी सांगितली होती. कोणी, ते मी शोधलं नाही. माझी तेवढी हिंमत उरली नव्हती.

हवालदारांचा पाय तीन आठवड्यांत तयार झाला. वाटी पडद्यावर कोरलेली, पण आतली कड छोटीने उस्तादांसमोर हाताने घासून बसवली. हवालदार सरावाच्या गजाला धरून चार पावलं चालले, मग गज सोडून दोन. छोटी टाळी वाजवून हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

बापलेक आधी रोज एकत्र घरी जायचे. आता ती सहाला निघायची आणि काका कुलूप लावून दहा मिनिटांनी. तो रस्ता एकच होता.

एका संध्याकाळी मी खिडकीशी होते. छोटी फाटकापाशी थांबली, वाकून बुटाची नाडी बांधायला लागली. बांधली, सोडली, पुन्हा बांधली. तोवर काकांनी कुलूप लावलं, ओढून बघितलं आणि ते फाटकापाशी पोचले. ती उठली. दोघं एकमेकांकडे न बघता, एक हात अंतर ठेवून, चालायला लागले. कोपऱ्यावर काका काहीतरी बोलले असावेत, कारण ती थांबली आणि त्यांच्याकडे वळली.

मी खिडकीपासून मागे सरकले. ते बघायचा हक्क मला नव्हता.